आईच्या पेन्शनचं खातं आणि अमेरिकेचा आयकर

२०२४ च्या जानेवारीचा पगार डिसेंबरच्या पगारापेक्षा कमी आला. काम तेच, तास तेच, डॅलसजवळचं ऑफिसही तेच. पेरोल बघणाऱ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, तुझी पाच वर्षं संपली, आता सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापणार, म्हणजे तिथल्या म्हातारपणच्या पेन्शनचे आणि आरोग्यविम्याचे पैसे. एकाचे ६.२ टक्के, दुसऱ्याचे १.४५. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांकडून अमेरिका पहिली पाच कॅलेंडर वर्षं हे पैसे घेत नाही. मी ऑगस्ट २०१९ मध्ये उतरले होते, पण करखात्याच्या लेखी ते उरलेले महिने म्हणजे एक अख्खं वर्ष. २०१९ ते २०२३ अशी पाच भरली आणि १ जानेवारीला मी बसल्या जागी, कराच्या हिशोबाने, अमेरिकेची रहिवासी झाले.

व्हिसाचा यात थेट संबंध नाही. माझा एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झाला, म्हणजे कराने मला नऊ महिने आधीच आपलं मानलं होतं. ग्रीन कार्डाची रांग तर इतकी लांब, की तिच्याबद्दल बोलणंच आम्ही मित्रमंडळींनी सोडून दिलंय. करासाठी तिथला कायदा दिवस मोजतो. चालू वर्षाचे सगळे दिवस, त्यात गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश मिळवायचा. बेरीज १८३ वर गेली की तुम्ही रहिवासी. विद्यार्थी म्हणून काढलेली ती पाच वर्षं या मोजणीत धरत नाहीत, म्हणून तोवर सुटका.

सुटकाच म्हणायची. त्या वर्षांत १०४०-एनआर नावाचा छोटा फॉर्म आणि सोबत ८८४३ चं पान पाठवलं की वर्ष मिटायचं. भारत आणि अमेरिकेत १९८९ साली झालेल्या कराच्या करारातलं २१ वं कलम तर भारतीय विद्यार्थ्यांचं खास लाडकं. एरवी अनिवासी माणसाला न मिळणारी स्टँडर्ड डिडक्शन त्या कलमामुळे आपल्याला मिळते. माझी रूममेट नेपाळची होती. नेपाळचा अमेरिकेशी असा करारच नाही, त्यामुळे दर मार्चमध्ये ती माझ्या रिफंडकडे बघून दोन दिवस बोलायची नाही. पण खरी सोय वेगळीच होती. अनिवासीला अमेरिका फक्त अमेरिकेतल्या पैशाबद्दल विचारते. रहिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न सांगायचं. जगभरातलं म्हणजे नागपुरातल्या आमच्या प्रतापनगरातलंही.

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणून निदान ते एक रिटर्न वाचलं. बाकीच्यासाठी मी एक सीपीए, म्हणजे तिथली सीए, धरली. साठीच्या आसपासची टेक्सन बाई, बोलायला गोड, प्रश्न मात्र कोतवालासारखे. नोव्हेंबरमध्ये तिने प्रश्नावली पाठवली. तिचा एक प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला: अमेरिकेबाहेर अशी किती खाती आहेत ज्यांवर तुझं नाव आहे किंवा जिथे तुझी सही चालते, मग पैसे कोणाचेही असोत?

हा प्रश्न तिच्या मनचा नव्हता. रहिवाशाने भरायचं रिटर्न म्हणजे १०४०, त्यासोबतच्या शेड्यूल बी या पुरवणीच्या तिसऱ्या भागात तो आहेच, हो किंवा नाही असं उत्तर मागतो आणि हो असेल तर देशाचं नाव लिहायला लावतो. त्याच्या मागे उभा असतो एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल. एफबार हा कर नव्हे. १९७० च्या बँक सिक्रसी अॅक्टखाली द्यायची ती माहिती आहे, आणि ती आयकराच्या रिटर्नबरोबर जातही नाही. तिथल्या अर्थखात्याची फिनसेन नावाची शाखा आहे, तिच्या वेबसाइटवर वेगळी भरायची. वर्षात एक दिवस जरी सगळ्या परदेशी खात्यांची मिळून बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली, की सगळी खाती सांगायची. ज्यात साडेतीनशे रुपये पडलेत तेही. न भरल्याचा दंड, अगदी मुद्दाम केलं नसेल तरी, १०,००० डॉलरपर्यंतचा होता, पुढे महागाईनुसार वाढवलेला. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने ठरवलं, की अशा वेळी दंड दर खात्यामागे नाही, न भरलेल्या दर अहवालामागे. आमच्यासारख्या घरांना त्या एका मताने वाचवलंय, कारण आमच्याकडे पैसा कमी आणि खाती फार.

डिसेंबरात मी नागपूरला जाणारच होते. आईला फोनवर म्हटलं, सगळी पासबुकं काढून ठेव.

“कोणाची?”

“ज्याच्यावर माझं नाव आहे, ती.”

“नाव तर बाबांनी सगळीकडेच टाकलं आहे तुझं.”

आमचे बाबा पाटबंधारे खात्यात होते. कागदाची त्यांना भीती नव्हती, आवड होती. घरातल्या प्रत्येक खात्यावर त्यांनी दोन नावं घातली होती, एफडी तर कधी माझ्या नावे पहिली, कधी भावाच्या, पैसे मात्र कायम त्यांचेच. मागे राहणाऱ्यांना त्रास नको, एवढंच कारण. तो हिशोब खरा निघाला. ते गेले तेव्हा आईला एकाही बँकेत वारस प्रमाणपत्रासाठी खेटे घालावे लागले नाहीत, दुसरं नाव होतं म्हणून. मी अमेरिकेला निघाले त्या महिन्यातच माझं जुनं बचत खातं आणि माझ्या नावच्या एफडी त्यांनी एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या प्रकारातल्या, करून घेतल्या होत्या. परकीय चलनाच्या फेमा कायद्याप्रमाणे ते करावंच लागतं, पण माझ्या बरोबरीच्या किती जणांनी केलंय हे मी विचारत नाही.

तर डिसेंबरातल्या एका दुपारी, जेवणाच्या टेबलावर, साडीच्या दुकानाच्या जाड पिशवीतून आईने सगळं ओतलं. तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचं खातं, त्यावर दुसरं नाव माझं. माझं एनआरओ बचत खातं. एफडीच्या पावत्या, काही माझ्या, काही तिच्या-माझ्या. पोस्टातलं पीपीएफ, मी इंजिनिअरिंगला असताना उघडलेलं. अनिवासी झाल्यावर नवीन पीपीएफ उघडता येत नाही, पण असलेलं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं. शिवाय म्युच्युअल फंडाचं एक स्टेटमेंट, ज्याबद्दल पुढे सांगते.

एफबारला प्रत्येक खात्यातली वर्षभरातली सगळ्यात मोठी रक्कम हवी असते. ३१ डिसेंबरची शिल्लक नव्हे, जास्तीत जास्त. म्हणजे पासबुकाची प्रत्येक ओळ बघणं आलं. आई ओळीवर पट्टी ठेवून आकडा वाचायची आणि मी त्याआधीच्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर पेन्सिलने गोल करायचे, नवा मोठा निघाला की जुना खोडायचे. पेन्शन, वीजबिल, पेन्शन, गॅस, महागाई भत्त्याचा फरक, पेन्शन. मग ऑगस्टात एकदम मोठा आकडा. एक एफडी पिकली होती, पैसे दोन दिवस बचत खात्यात पडले आणि आईने लगेच नवी एफडी केली.

आणि इथे गंमत झाली. तोच पैसा जुन्या एफडीच्या खात्यात कमाल म्हणून लागला, बचत खात्यात त्या दोन दिवसांची कमाल म्हणून लागला आणि नव्या एफडीतही लागला. नियमच तसा आहे, प्रत्येक खातं स्वतंत्र. संयुक्त खात्याची रक्कमही अर्धी करून चालत नाही, पूर्ण दाखवायची. सगळी बेरीज करून मी आकडा सांगितला तर आई चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली.

“एवढे पैसे कुठे आहेत गं आपल्याकडे?”

“नाहीत. कागदावर आहेत.”

“मग अमेरिका म्हणेल ना, की आहेत, दाखवा.”

तिला समजावलं, की तिथल्या लोकांना हे माहीत असतं, ती फक्त खात्यांची यादी आहे, त्यावर कर लागत नाही. ते तिला पटलं. पटलं नाही ते पुढचं. संयुक्त खात्यासाठी फॉर्ममध्ये दुसऱ्या धारकाचं नाव लिहावं लागतं. “माझं नाव अमेरिकेच्या सरकारकडे? मी काय केलं बाप्पा?” पासपोर्टसुद्धा नसलेल्या बाईचं नाव वॉशिंग्टनच्या दप्तरात जाणार या कल्पनेने ती दोन दिवस बेचैन होती. तिसऱ्या दिवशी मात्र शेजारच्या काकूंना तीच गोष्ट ती बऱ्यापैकी ऐटीत सांगत होती.

एफबारला पैसा कोणाचा याच्याशी देणंघेणं नाही. पण १०४० वर व्याज दाखवताना तेच ठरवावं लागतं, आणि आमच्या घरात ते आजवर कोणी ठरवलंच नव्हतं. पेन्शनच्या खात्याचं सोपं होतं. पैसे आईचे, व्याज आईचं, माझं नाव सोयीपुरतं. सीपीए म्हणाली, एफबारवर दाखव, उत्पन्नात धरू नकोस. एफडीचं घोडं अडलं. पावतीवर पहिलं नाव माझं, पॅन माझा, टीडीएस माझ्या नावाने कापलेला. मी आईला विचारलं, हे पैसे कोणाचे समजायचे?

“तुझेच. तुझ्या लग्नासाठी ठेवले बाबांनी.”

“मग गेल्या पावसाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं ते कशातून?”

“त्यातलीच एक मोडली. घराचेच तर आहेत.”

दोन्ही उत्तरं खरी. आणि १०४० मध्ये ‘घराचे’ असा रकाना नाही. सीपीएचं म्हणणं असं पडलं, की भारतात ज्याच्या पॅनवर व्याज दिसतं आणि जो ते आपलं म्हणून रिटर्न भरतो, त्याने अमेरिकेत वेगळं सांगू नये. दोन देशांत दोन गोष्टी सांगितल्या की माणूस अडकतो. म्हणून आम्ही बसून वाटणीच केली. ज्या एफडी खरोखर माझ्यासाठी होत्या त्या माझ्या, व्याजासकट. घरखर्चाला लागणारी एक मोडून आईच्या नावाने नवी केली. ती अमेरिकेच्या नजरेने मी आईला दिलेली भेट, पण २०२४ मध्ये एका माणसाला वर्षाला १८,००० डॉलरपर्यंत भेट दिली तर त्याचा फॉर्म भरावा लागत नाही, आणि आमची रक्कम त्याच्या कितीतरी खाली.

व्याजाचे दाखले आणायला बँकेत गेले ते नेमकं हिवाळी अधिवेशनाच्या आठवड्यात. अर्ध्या सिव्हिल लाइन्सला बॅरिकेड, ऑटोवाला व्हेरायटी चौकातून पुढे यायला तयार नाही. काउंटरवरच्या मुलाला सांगितलं, जानेवारी ते डिसेंबरचं व्याज पाहिजे. त्याने मान हलवली. “कॅलेंडर इयरचं सर्टिफिकेट निघतच नाही मॅडम. एप्रिल ते मार्चचं निघते. दोन वर्षांची दोन घेऊन जा, मधून तोडा तुम्ही.” मुलगा हुशार होता, कारण शेवटी तेच करायचं असतं. गेल्या आर्थिक वर्षाचे शेवटचे तीन महिने आणि चालू वर्षाचे पहिले नऊ. एफडीचं व्याज तिमाहीला जमा होतं, त्यामुळे स्टेटमेंटवरून तोड नीट बसते. डॉलर करतानाही दोन दर लागतात. खात्यांच्या रकमांना अर्थखात्याचा ३१ डिसेंबरचा दर, व्याजाला आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याने, दिलेला वर्षाचा सरासरी दर. एकच रुपया, दोन फॉर्मांवर दोन भाव.

म्युच्युअल फंडाचं थोडक्यात सांगते, कारण तो विषय काढला की मला अजून राग येतो. भारतातला साधा इक्विटी फंड अमेरिकेच्या कायद्यात पीएफआयसी ठरतो, म्हणजे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी. त्यासाठी फॉर्म ८६२१, प्रत्येक फंडाला वेगळा, आणि फायद्यावर चढ्या दराने कर अधिक व्याज अशी तरतूद. फंडांची किंमत २५,००० डॉलरच्या आत असेल तर दरवर्षीच्या फॉर्मातून सूट मिळू शकते, पण विकलं की भरावाच लागतो. मी ते युनिट विकून मोकळी झाले. सीपीएची त्या एका फॉर्मची फी बघता फंडाने वर्षभर माझ्यासाठी केलेली मेहनत तिच्याच घरी गेली. परदेशात जाणाऱ्या कोणाचीही एसआयपी चालू असेल तर रहिवासी व्हायच्या आधीच तिचं काय ते ठरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कपाटातल्या एफडी त्या मानाने गरीब गाय.

उरली शेती. उमरेडकडे आमचं थोडं शेत आहे, सोयाबीन आणि तूर निघते. बाबांनंतर वारसाचा फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं लागली. शेत ठेक्याने दिलंय. ठरलेले पैसे वर्षाला एकदा आईच्या खात्यात येतात आणि आई ते ठेवते. मला त्यातला रुपया कधी मिळालेला नाही, मी कधी मागितलाही नाही.

सीपीएला हे सांगितलं तर तिने विचारलं, जमीन कोणाच्या मालकीची? तिघांची. मग एक तृतीयांश भाडं तुझं उत्पन्न, शेड्यूल ईमध्ये दाखवायचं. ते तू आईकडे राहू दिलंस हा तुझा प्रश्न. गंमत अशी, की जमीन स्वतः एफबारवर लागत नाही. पासबुक सांगायचं, शेत नाही. मात्र शेताचा पैसा सांगायचा. भारतात शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, १९६१ च्या आयकर कायद्यातलं १०(१) कलम, शेतजमिनीच्या ठेक्यालाही ते लागू. पण त्यामुळे अमेरिकेत फायदा नाही, उलट तोटा. भारतात कर भरला असता तर तेवढी वजावट फॉर्म १११६ वर मिळाली असती. इथे शून्य भरला, म्हणून तिथे वजा करायलाही शून्य.

हे जेवताना बोलणं चाललं होतं आणि आमचे काका आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तडक विचारलं, “आपल्या सरकारनं शेतकऱ्याले सोडलं, अन् अमेरिका तुरीवर टॅक्स घेऊन राह्यली? काहून?” मी म्हटलं, मी तिथे राहते म्हणून. आयआरएसचा नियम आहे. त्यावर त्यांचा चेहरा खुलला. “आयआरएसवाले तर आपल्या छिंदवाडा रोडले शिकून राह्यले ना बाई. एखाद्या सायबाले सांगून पाहू.” भारतीय राजस्व सेवेचे अधिकारी खरंच आमच्या नागपुरात छिंदवाडा रोडवरच्या प्रत्यक्ष कर अकादमीत तयार होतात. ते आयआरएस आणि हे आयआरएस वेगळे, हे काकांना सांगेपर्यंत वरण गार झालं.

मग त्यांनी दुसरा उपाय काढला, आणि तो गमतीचा नव्हता. हक्कसोडपत्र करून टाक. सातबाऱ्यावरून नावच निघालं की अमेरिकाही विचारणार नाही. एका सहीत काम. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला आजही वाटतं. त्यांच्या पिढीत बहिणींनी सही करून दिली, त्यांना साडी-चोळी मिळाली आणि माहेर टिकलं. पण आईने माझ्याकडे पाहिलं, भावाने ताटाकडे, आणि मला कळलं की हा विषय टेबलावर पहिल्यांदा आलेला नाही.

मी नाही म्हटलं. कारण सांगितलं ते कराचंच, कारण ते कोणाला लागत नाही. हक्क सोडणं हेही अमेरिकेच्या नजरेत दान ठरू शकतं, जमिनीच्या त्या हिश्श्याची किंमत १८,००० डॉलरच्या वर गेली तर भेटींच्या फॉर्म ७०९ चा प्रश्न उभा राहतो, तेव्हा फॉर्म टळत नाही, बदलतो फक्त. हे सगळं खरं होतं. मनातलं कारण मात्र साधं होतं. वर्षाच्या ठेक्यातला एक तृतीयांश डॉलरमध्ये मांडला, तर त्यावरचा कर डॅलसमध्ये दोघांनी एकदा बाहेर जेवण्याइतका. तेवढ्यासाठी बाबांच्या सातबाऱ्यावरून नाव काढायचं? मुलीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये मानला, देशाने २००५ मध्ये. तो मी एका फॉर्माच्या कंटाळ्यापायी सोडावा, हे काही जमलं नाही. पुढल्या ठेक्यापासून माझा हिस्सा माझ्या एनआरओ खात्यात येईल, असं भावानेच सुचवलं. ताटातून मान वर न करता सुचवलं, पण सुचवलं.

जायच्या आधी धंतोलीत एका सीएंकडे जाऊन आले. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, “इथलं मी बघतो, तिथलं मला विचारू नका.” असा माणूस मला आवडतो. एनआरओच्या व्याजावर बँकेने ३० टक्के आणि वर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापले होते. दोन देशांच्या करारात व्याजाचा दर १५ टक्के आहे, पण तो मिळवायला अमेरिकेचा रहिवासी दाखला लागतो, फॉर्म ६१६६. तो मागायचा अर्ज ८८०२ आणि फी ८५ डॉलर. सीए म्हणाले, तुमचं इथलं करपात्र उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या आतच आहे ना, मग करार हवाच कशाला? नव्या करपद्धतीत त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर नव्हता आणि ती मर्यादा अनिवासी माणसालाही असते. फक्त कमी उत्पन्नावरची ८७ए ची सवलत त्याला नसते. आयटीआर-२ भरा, कापलेलं सगळं परत मिळेल.

हे ऐकून मी खूश. सीपीएने त्या खुशीवर पाणी टाकलं. जे पैसे परत मिळणार तो कर नव्हेच, तेव्हा १०४० वर त्याची वजावट मागू नकोस. म्हणजे एप्रिलमध्ये त्या व्याजावर अमेरिकेला पूर्ण कर द्यायचा आणि भारताने कापलेला भारताकडून नंतर मागून घ्यायचा. एकाच व्याजावर काही महिने दोन्ही सरकारांकडे माझे पैसे. यात अन्याय कोणाचाच नाही, फक्त दोघांची वर्षं वेगळ्या महिन्यात सुरू होतात, आणि मधला काळ आपल्या खिशातून जातो.

१०४० मार्चमध्ये गेला. खूप डोकं खाल्लेला एफबार प्रत्यक्षात भरायला सगळ्यात सोपा निघाला, पेन्सिलच्या गोलांमधले आकडे उतरवले की झालं. त्याची मुदतही १५ एप्रिल, पण चुकली तर १५ ऑक्टोबरपर्यंत आपोआप वाढ मिळते, अर्ज करावा लागत नाही. करखात्यांच्या जगात इतकी माया मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आयटीआरला २०२५ मध्ये ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली. मी जुलैतच भरला. भरणं अवघड नव्हतं, पडताळणी अवघड. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, तो नंबर बाबांच्या जुन्या फोनमध्ये, आणि तो फोन आईकडे. डॅलसमध्ये रात्रीचे साडेनऊ म्हणजे नागपुरात सकाळचे आठ. आईची पूजा तेव्हाच. एका कानाला तिचा फोन, दुसऱ्या हातात बाबांचा, आणि ती आकडे वाचून दाखवताना मधेच “थांब, उदबत्ती विझली” म्हणून निघून गेली. पुन्हा ओटीपी मागवला. पैसे यथावकाश एनआरओ खात्यात आले, व्याजासकट. त्या व्याजावरही आता पुढच्या वर्षी दोन्हीकडे सांगणं आलं.

शेताच्या खर्चाचं मात्र वर्षभर चालू आहे. ठेक्याच्या उत्पन्नातून मालकाने केलेला खर्च वजा करता येतो, पावती असेल तर. विहिरीची मोटर जळली, तिचं रिवाइंडिंग झालं. पाइप फुटले, नवे आणले. रानडुकरांनी तूर उकरली म्हणून एका बाजूला तारेचं कुंपण घातलं. भावाने बिलं जमवली, आणि सीपीएला मराठी वाचता येत नाही म्हणून प्रत्येक बिल वरपासून खालपर्यंत इंग्रजी अक्षरांत उतरवून त्याची यादी परस्पर तिला पाठवली. वरपासून म्हणजे अगदी वरच्या ओळीपासून. विदर्भातल्या दुकानाचं बिल, वरची ओळ कोणती असणार हे आपल्याला सांगायला नको. आठवड्याने सीपीएचा मेल आला. यादी उत्तम आहे, भावाला धन्यवाद सांग. फक्त एक शंका. मोटर, पाइप आणि कुंपण या तिन्ही बिलांवर श्री गजानन प्रसन्न हेच गृहस्थ दिसतात. हे तुमचे नातेवाईक आहेत का? असतील तर व्यवहार बाजारभावाने झाला हे दाखवावं लागेल.

मी उत्तर लिहिलं, नातेवाईक नाहीत, आणि त्यांनी पैसेही घेतलेले नाहीत.